टोमॅहॉकचं टोक आणि पलीकडचा माणूस

'टॅक्टिकल' या शब्दाचा व्यवहारातला अर्थ काळा रंग आणि दुप्पट किंमत, असं माझं जुनं मत आहे. टॅक्टिकल पेन पाहिलंय, टॅक्टिकल बॅग पाहिलीय, पाण्याची टॅक्टिकल बाटलीसुद्धा पाहिलीय. त्यामुळे "रेस्क्यूसाठी एक टॅक्टिकल टोमॅहॉक बनवून घ्यायचाय, कॅडमध्ये काढून देशील का?" असं दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी हसून विषय बदलला असता. पण विचारणारा आमच्याच टीममधला. दिवसा डेटाबेस सांभाळतो आणि पेजर वाजला की रात्री-अपरात्री आग विझवायला पळतो. इथे पेनसिल्व्हेनियातल्या लहान गावांत अग्निशमन दल म्हणजे बहुतेक वेळा असे शेजारीपाजारीच असतात. बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी काढली ती १७३६ साली, तेव्हापासूनची ही पद्धत, आणि आजही अमेरिकेतले बहुसंख्य अग्निशामक पगारी नाहीत, स्वयंसेवक आहेत. आवडीचं हत्यार हवं असेल तर खिशात हात घालावा लागतो.

तर त्याची यादी अशी. पुढे धारदार पातं. मागे अणकुचीदार स्पाइक. दांड्याच्या बुडाला उचकटायला पहारीसारखं टोक. डोक्यात नट फिरवायला षटकोनी भोक. गॅसचा व्हॉल्व्ह बंद करायला एक खाच. वजन कमी करायला आणखी तीन गोल भोकं. दांडा विजेपासून सुरक्षित. वजन सातशे ग्रॅमच्या आत. रंग काळा. तासाभराच्या अंतरावर एक लोहार आहे, तो सहा मिलिमीटरच्या प्लेटमधून लेझरने आकार कापून घेणार, पाणी देणार, मुठी बसवणार.

कॉम्प्युटरवाल्या लोकांना अशा यादीची सवय असते. प्रत्येक कलम सुटं वाचलं की पटतं, एकत्र वाचलं की पोटात गोळा येतो. पण ह्या यादीत फीचर जास्त आहेत एवढीच माझी तक्रार नाही. यादी मुळात चुकीच्या कामासाठी लिहिली गेलीय असं माझं म्हणणं आहे, आणि ते म्हणणं त्या मागच्या स्पाइकपासून सुरू होतं.

आधी थोडा इतिहास, कारण तो स्पाइक तिथूनच आलाय. टोमॅहॉक हा शब्द व्हर्जिनियातल्या पौहाटन लोकांच्या अल्गॉन्क्वियन भाषेतला, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी उचलला. पुढे युरोपी व्यापाऱ्यांनी त्याला लोखंडी डोकं दिलं. ह्या जुन्या टोमॅहॉकचा दांडा वरून नेढ्यात सरकवतात, आपल्या टिकावासारखा. फिरवाल तसं डोकं आणखी घट्ट बसतं, पाचर मारायला लागत नाही, आणि दांडा मोडला तर रानातली फांदी तासून नवा घालता येतो. काही टोमॅहॉकना मागच्या बाजूला चिलीम असायची आणि दांडा पोकळ असायचा. भांडण झालं तर कुऱ्हाड, तह झाला तर हुक्का! (दोन फीचर एका हत्यारात घालायची हौस आजची नाही.) मग मधली शंभरेक वर्षं तो शब्द गोष्टींत आणि सिनेमातच राहिला. पीटर लागाना नावाच्या माजी मरीन सैनिकाने त्याला परत सैन्यात आणलं. १९६६ ते १९७० या काळात त्याच्या कंपनीने व्हिएतनामला जाणाऱ्या सैनिकांना सुमारे चार हजार टोमॅहॉक विकले. २००१ नंतर अफगाणिस्तान आणि इराकच्या निमित्ताने ती कल्पना पुन्हा वर आली, आणि आज दुकानात 'टॅक्टिकल' म्हणून जे मिळतं ते ह्याच घराण्यातलं.

लढाईच्या हत्याराकडून अपेक्षा एकच. एका फटक्यात जितकं खोल जाईल तितकं चांगलं. सगळा जोर एका टोकावर आणला की ते खोल जातं, म्हणून स्पाइक. हिशोब बरोबर आहे.

बचावकार्यात हा हिशोब उलटा होतो, कारण पत्र्याच्या, दाराच्या, काचेच्या पलीकडे जो आहे त्यालाच आपल्याला बाहेर काढायचंय. तो नेमका कुठे आहे हे बऱ्याचदा दिसत नाही. धूर असतो, एअरबॅग फुगलेल्या असतात, लहान मूल सीटच्या खाली घसरलेलं असतं. अशा वेळी हातातलं हत्यार किती खोल जातं यापेक्षा किती खोल जाऊन *थांबतं* हे महत्त्वाचं. आणि अणकुचीदार स्पाइकला थांबणं माहीत नाही. आठ सेंटीमीटरचा स्पाइक असेल तर तो आठ सेंटीमीटर जाऊ शकतो, हे धरूनच चालायला हवं.

गाडीचंच घ्या. आजच्या मोटारीत छताच्या कडेला, खांबांच्या आत, पडद्यासारख्या एअरबॅगसाठी दाबाखालच्या गॅसच्या नळकांड्या बसवलेल्या असतात. म्हणून प्रशिक्षणात शिकवतात की खांब कापायच्या आधी आतलं प्लास्टिक सोलून काढा आणि बघा, मग कापा. विजेच्या गाड्यांत केशरी रंगाच्या उच्च दाबाच्या केबल असतात, बहुतेकांत चारशे व्होल्टच्या आसपास, काहींत आठशे. इतकं सगळं आत दडलेलं असताना आंधळेपणाने टोक खुपसायचं म्हणजे प्रॉडक्शन डेटाबेसवर न बघता डिलीट मारण्यासारखं आहे. हे उदाहरण त्याला लगेच कळलं. :)

"पण विमानात ठेवतात त्या कुऱ्हाडीला मागे टोक असतंच की," हा त्याचा मुद्दा. बरोबर आहे. अमेरिकन नियमांनुसार प्रवासी विमानात क्रॅश ॲक्स ठेवावी लागते आणि तिच्या कित्येक नमुन्यांना मागे टोक असतं. पण ती कुऱ्हाड विमानाच्या आतल्याच माणसांसाठी आहे. आतल्या पॅनेलमागे धूर निघतोय, तिथवर पोचायचंय, समोर पातळ पत्रा किंवा प्लास्टिक आहे आणि त्यामागे कुणी बसलेलं नाही, हे ती वापरणाऱ्याला ठाऊक असतं. टोकाने भोक पाडायचं आणि पात्याने ते फाडत न्यायचं. तिथे टोक योग्यच. ज्याने ती ठरवली त्याने आधी भिंत पाहिली, मग हत्यार ठरवलं. आमच्या यादीत भिंतीचा उल्लेखच नाही.

म्हणून मी त्याला भिंतींबद्दल विचारलं, आणि ह्या सगळ्या उद्योगातली सर्वांत उपयोगी माहिती तिथे मिळाली. अमेरिकन घर म्हणजे लाकडी सांगाडा. सोळा-सोळा इंचांवर उभे लाकडी खांब, त्यांना दोन्ही बाजूंनी अर्ध्या इंचाचे जिप्समचे बोर्ड ठोकलेले. आत शिरलेल्या जवानाचा परतीचा रस्ता आगीने बंद केला तर शेजारच्या खोलीत जायला तो चक्क भिंत फोडतो. दोन खांबांमध्ये साडेचौदा इंचांची फट मिळते. पाठीवरचं हवेचं नळकांडं एका खांद्यावर सरकवून त्यातून घुसायचं, ह्याचा नेहमी सराव करतात. टोमॅहॉकसारखं कमरेला लटकणारं छोटं हत्यार खरं इथे कामाचं. मोठी हत्यारं दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असतात किंवा मागच्या खोलीत पडलेली असतात, आणि पट्ट्याला जे असेल तेच आपलं.

आता ह्या भिंतीला काय लागतं बघा. जिप्सम बोर्ड मऊ असतो, एका फटक्यात फुटतो. टोकदार स्पाइकने त्याला पडतं स्पाइकएवढंच भोक! आपल्याला हवा आहे रुंद तुकडा, तो ओढून काढायला पात्याखाली हुकासारखी दाढी, आणि मागे कुदळीसारखं आडवं पातं. शिवाय भिंतीच्या पोकळीत खांबांना आरपार भोकं पाडून विजेच्या तारा नेलेल्या असतात. म्हणजे इथेही तेच. बोर्ड फोडून थांबणारं हत्यार हवं.

(आपल्याकडे कुणी हे वाचून एक मागवायच्या विचारात असेल तर थांबा. मुंबईच्या फ्लॅटची विटांची भिंत ह्याला दाद देणार नाही, आणि खिडकीच्या ग्रिलला तर मुळीच नाही. १९९३ साली किल्लारीला दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची धाबी कोसळली होती. तिथे लागत होत्या पहारी, टिकाव, फावडी, घमेली. ज्या देशाची भिंत त्या देशाचं हत्यार.)

काचेबद्दल यादीत काहीच नव्हतं, ते मी घातलं. गाडीच्या बाजूच्या काचा पूर्वी सरसकट टेम्पर्ड असायच्या. त्यांना मूठभर आकाराचा स्प्रिंगचा पंच पुरतो, कोपऱ्यात टेकवला की काचेचे खडीसाखरेएवढे तुकडे. माणसाच्या कानापासून वीतभर अंतरावर कुऱ्हाड फिरवायची काही गरज नाही. पण आता बाजूलाही लॅमिनेटेड काचा येऊ लागल्यात, दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेल्या, पुढच्या काचेसारख्या. अपघातात माणूस बाहेर फेकला जाऊ नये म्हणून. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये सांगितलं की २०१८ च्या मॉडेलपैकी सुमारे एक तृतीयांश गाड्यांत अशा काचा आहेत, आणि त्यांनी तपासलेल्या काच फोडायच्या छोट्या साधनांपैकी एकालाही लॅमिनेटेड काच फोडून आरपार जाता आलं नाही. पंच मारला की तडे जातात, काच जागची हलत नाही. ती कडेकडेने तोडत न्यावी लागते. इथे कुऱ्हाडीचं पातं लागतं, आणि पुन्हा स्पाइक नाही. पातं मात्र फार पातळ नको. दाढी करता येईल अशी धार काचेच्या दुसऱ्या फटक्याला जाते. चाळीसेक अंशांची जाड, भोथरी वाटावी अशी धार ठेवायची. ती दिसायला वाईट दिसते.

आता माझ्या आवडीचा भाग, म्हणजे गणित.

त्याला सगळ्यात जास्त हवं होतं ते उचकटणं. दार, कपाट, गाडीचं बोनेट. समजा डोक्यापासून दांड्याच्या टोकापर्यंत चाळीस सेंटीमीटर. टोकाला पन्नास किलोचा जोर लावला, म्हणजे साधारण पाचशे न्यूटन. मुळाशी दोनशे न्यूटन-मीटरचं पिळवटणं येतं. दांड्याच्या आतली पोलादी पट्टी सहा मिलिमीटर जाड आणि तीस रुंद. शाळेतली स्टीलची फूटपट्टी आठवा. सपाट धरली की करंगळीने वाकते, उभी धरली की दोन्ही हातांनी वाकत नाही. तसंच इथे. पट्टीच्या रुंदीच्या दिशेने जोर लावला तर ताण येतो सुमारे २२० मेगापास्कल. जाडीच्या दिशेने लावला तर ११००. बरोबर पाचपट. साधं लोखंड २५० च्या आसपास कायमचं वाकतं.

आणि कुऱ्हाडीचं पातं फटीत घालून दांडा बाजूला ओढला की जोर नेमका त्या कमजोर दिशेने लागतो. प्लेटमधून कापलेल्या टोमॅहॉकने उचकटायचं म्हणजे फूटपट्टी सपाट धरून उचकटायचं. दणकट दिशा वापरायची असेल तर पातं दांड्याला आडवं हवं, सुताराच्या वाकसासारखं.

हे मी शोधून काढलेलं नाही. न्यू यॉर्क अग्निशमन दलातले अधिकारी ह्यू हॅलिगन यांनी १९४८ मध्ये आपलं हत्यार बनवलं तेव्हाच हे कोडं सुटलेलं होतं. साधारण पाऊण मीटरचा, चार-पाच किलोचा अखंड घडवलेला दांडा. एका टोकाला दुबेळकं, दुसऱ्या टोकाला आडवं पातं आणि त्याच्या काटकोनात एक टोक. आज अमेरिकेत क्वचितच अशी आगीची गाडी असेल जिच्यावर हॅलिगन नाही. हो, त्यालाही टोक आहे, पण कुलपाच्या कोयंड्यात घालायला, आणि ते दोन हातांच्या हत्यारावर आहे; धरणारा एक, ठोकणारा दुसरा. वणवा विझवणारे वापरतात त्या पुलास्कीलाही, १९१० च्या मोठ्या वणव्यानंतर एड पुलास्की यांच्यामुळे रूढ झालेल्या हत्यारालाही, एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला आडवं पातंच आहे. बचावाच्या कामात ज्यांनी हयात घालवली ते लोक फिरून फिरून आडव्या पात्याकडे आले. मग बाजारातल्या टोमॅहॉकना मागे स्पाइकच का?

माझा संशय असा. सपाट प्लेटमधून स्पाइक लेझरने कापता येतो. आडवं पातं कापता येत नाही, ते घडवावं लागतं. एवढंच. जे मशीनला सोपं ते डिझाइनमध्ये आलं आणि मग त्याला युद्धाच्या गोष्टी चिकटवल्या. आमच्या धंद्यात फ्रेमवर्कला जे सोपं पडतं त्याला फीचर म्हणतात, तसंच.

मग मागचा स्पाइक काढून वाकस घातला. पण गणित तिथे संपत नाही. चाळीस मिलिमीटर रुंदीचं आडवं पातं सहा मिलिमीटरच जाड ठेवलं तर उचकटताना त्याच्या मुळाशी आठशेच्या वर ताण येतो, म्हणजे दांडा वाचवला आणि पातं घालवलं. बारा मिलिमीटर केलं तर तोच ताण सुमारे २१० वर येतो, दांड्याच्या तोडीचा. बारा मिलिमीटर म्हणजे प्लेट गेली. जाड पट्टी घ्यायची, मागचा भाग तापवून आडवा ठोकून घ्यायचा, दांड्याकडे ओढत ओढत पातळ करत न्यायचं. आम्ही लोहाराला फोन केला. मला वाटलं कुरकुर करेल. तो खूश झाला! लेझरवाल्याकडून आलेल्या प्लेटांना कडा घासत बसायचा त्याला कंटाळा आला होता. पैसे मात्र जास्त सांगितले, आणि वजन सातशे ग्रॅमवरून किलोभर होणार. अंगावर कपडे, नळकांडं, मास्क मिळून वीस किलोच्या वर असताना तीनशे ग्रॅम वाढवायचे की नाही यावर आमची बरीच वादावादी झाली. मी अजून वाढवायच्या बाजूचा आहे.

वजन कमी करायच्या त्या तीन भोकांचं काय? बारा मिलिमीटर व्यासाचं भोक सहा मिलिमीटरच्या प्लेटमध्ये पाडलं की साधारण पाच ग्रॅम वाचतात. तिघांचे सोळा. खिशातली तीन क्वार्टर नाणी गाडीत ठेवून आलात तरी तेवढंच वजन वाचेल. आणि गोल भोकाच्या काठाशी ताण आजूबाजूच्या तिप्पट होतो, हे कर्शने १८९८ सालीच गणिताने दाखवलंय. षटकोनी भोक तर त्याहून वाईट, त्याचा प्रत्येक कोपरा म्हणजे तडा जायला आमंत्रण. नट फिरवायला पाना मिळतो. गॅसच्या मीटरचा व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवायचा असतो, त्यासाठी मीटरशेजारी साधा ॲडजस्टेबल पाना लटकवून ठेवा असं इथे नागरिकांनाच शिकवतात. चारही भोकं आणि खाच, सगळी खोडली.

पोलाद. स्टेनलेसचा मोह सगळ्यांना होतो, पण दणके खायचे असतील तर गंज पुसायची तयारी ठेवून ४१४० घ्यावं. ०.४ टक्के कार्बन, थोडं क्रोमियम आणि मॉलिब्डेनम. शाफ्ट आणि गिअर ज्याचे करतात ते. छिन्नीसाठीचं एस-७ आणखी चांगलं, पण महाग, आणि आमच्या लोहाराच्या सवयीचं नाही. कारागिराच्या हातातलं पोलाद कॅटलॉगातल्या पोलादापेक्षा बरं. धार रॉकवेल पन्नासच्या आसपास. स्वयंपाकघरातल्या चांगल्या सुऱ्या अठ्ठावन्न-साठ असतात, ऐकायला छान वाटतं, पण त्या टणकपणाला काचेवर कपचे उडतात. आणि दांड्यातली पट्टी मुद्दाम त्याहून नरम, चाळीसच्या घरात.

नरम का, तर ती ११०० वाली कमजोर दिशा अजून तिथेच आहे. तुम्ही कितीही समजावलंत तरी घाबरलेला माणूस धुरात कधी ना कधी बाजूला ओढणारच. त्या वेळी दांडा वाकलेला मला चालेल. तडकन तुटून डोकं पलीकडच्या माणसाच्या अंगावर किंवा ओढणाऱ्याच्या तोंडावर गेलेलं चालणार नाही. वाकलेल्या दांड्याने आणखी दोन फटके मारता येतात, आणि वाकताना तो हाताला कळतो.

बुडाचं पहारीसारखं टोकही खोडलं, थोडं जड मनाने, कारण ते उपयोगी आहे. पण वाकस आल्यावर त्याचं काम दुसरीकडे होतंय. आणि मूठ जिथे संपते तिथे उघडं पोलाद ठेवून वर 'दांडा विजेपासून सुरक्षित' असं लिहायचं हे एकाच यादीत बसत नाही. खरं तर ते वाक्यच काढून टाका असं मी सांगितलं. विजेच्या कामगारांच्या हत्यारांना आयईसी ६०९०० नावाचं मानक आहे. हजार व्होल्टला वापरायचा प्रत्येक पाना, प्रत्येक पकड दहा हजार व्होल्ट लावून तपासलेली असते. एक-एक नग. आमचा लोहार जी-१० च्या मुठी बसवणार. जी-१० म्हणजे सर्किट बोर्डाच्या नात्यातलंच, काचतंतू आणि इपॉक्सी. मालमसाला रोधक आहे खरा, पण रिव्हेट आरपार जाणार, पट्टीची कड बाजूने उघडी राहणार, वर पावसाचं पाणी आणि घाम. अशा मुठीवर "इन्सुलेटेड" हा शब्द छापला तर एखादा त्याच्यावर विश्वास ठेवून भिंतीतल्या तारेवर घाव घालेल. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण आपल्याकडे वेगळ्या अर्थाने वापरतात, पण इथे ती शब्दशः लागू पडेल. विश्वास ठेवायला जागाच नसलेला दांडा मला अर्धवट विश्वासाच्या दांड्यापेक्षा सुरक्षित वाटतो.

मुठीवर बोटांच्या खाचा नकोत. आगीत वापरायचे हातमोजे गादीसारखे असतात, त्यांना त्या खाचा कळत नाहीत, आणि हत्यार दुसऱ्याच्या हातात गेलं तर आणखीच गोंधळ. शेवटी थोडा फुगीर गड्डा असला की निसटत नाही. मनगटात अडकवायची दोरी अजिबात नको, ती आधी दाराच्या कडीत अडकते. म्यान चामड्याचं. बाजारातली छान छान काळी प्लास्टिकची म्यानं ओव्हनमध्ये मऊ करून घडवलेली असतात, आणि हा माणूस ओव्हनपेक्षा गरम खोलीत शिरणार आहे.

आणि रंग! काळ्या धुरात, काळ्या मोज्यात, काळं हत्यार जमिनीवर पडलं की शोधणार कसं? सैनिकाला दिसायचं नसतं, जवानाला दिसायचं असतं. मुठी भडक पिवळ्या, वर चमकणाऱ्या टेपचा पट्टा. ह्यावर तो सगळ्यांत जास्त हिरमुसला. स्पाइक गेला तेव्हासुद्धा एवढा हिरमुसला नव्हता.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो, आणि तिथे त्याने फारसा वाद घातला नाही. नग दोन बनवायचे. एक वापरायचा, एक मोडायचा. मोडायचा म्हणजे खरोखर मोडायचा. पकडीत आवळून टोकाला आधी पन्नास, मग ऐंशी किलो टांगायचे, आधी दणकट दिशेने, मग कमजोर दिशेने, आणि कुठे वाकतोय, वाकतोय की तुटतोय, हे मोजून लिहायचं. मग वाकसाची पाळी. मग जिप्सम बोर्डाच्या भिंतीवर मोजे घालून, डोळ्यांवर पट्टी बांधून वीस फटके, आणि प्रत्येक फटका किती खोल गेला ते पलीकडे कागद लावून बघायचं. हत्यारावर शेकड्यांनी डॉलर खर्च करणारे लोक ते कुठे तुटतं हे पहिल्यांदा प्रसंगातच बघतात, हे मला अजून पचत नाही. आम्ही लॉगिनचं पान असलं तरी आधी मोडून बघतो.

दुसऱ्या नगाचे निम्मे पैसे मी देणार आहे. भंगाराच्या यार्डातून लॅमिनेटेड काच असलेले दोन दरवाजे मिळालेत, ते त्याच्या गॅरेजमध्ये उभे करून ठेवलेत. काचेची धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून मास्क आणायचे आहेत, ते काम माझ्याकडे. लोहाराने तीन आठवडे सांगितलेत.